धुक्यातला सापुतारा, नाशिकहून एका दिवसात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृग कोरडा गेला तरी आर्द्रात एखादी सर पडतेच, आणि मग नाशिकात घरोघरी सापुताऱ्याचा, म्हणजे हद्दीपलीकडच्या गुजरातेत, डांग जिल्ह्यातल्या थंड हवेच्या गावाचा, विषय निघतो. नात्यातले, शेजारचे, ऑफिसातले लोक दरवर्षी जे विचारतात तेच इथे एकत्र केलं आहे. तिकिटांचे भाव आणि उघडण्या-बंद होण्याच्या वेळा मुद्दाम दिलेल्या नाहीत. त्या दर मोसमात बदलतात, निघायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारलेलं बरं.

इगतपुरी आणि त्र्यंबक इतकं जवळ असताना सापुताराच का?

नुसता पाऊस हवा असेल तर इगतपुरीच गाठा. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, नाशिक शहरात सातशेच्या आसपास. पण शनिवार-रविवारी भावली धरणाच्या रस्त्यावर मुंबईच्या गाड्या एकीला एक लागून उभ्या असतात आणि महामार्गावर ट्रेलर. त्र्यंबकला श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी असते, तेव्हा तिकडे भाविकांचा मान पहिला. भंडारदरा सुरेखच, पण तिथलं बरंचसं पाणी आणि कडे लांबून बघायचे आहेत.

सापुताऱ्याचं वेगळेपण असं की ते गावच ढगात बसलेलं असतं. गाडीचं दार उघडलं की धुक्यात पाय. चढणं नाही, चालणं नाही. गुडघे धरलेल्या आत्यापासून शेंबड्या पोरापर्यंत सगळ्यांना सारखंच मिळतं. दुसरं कारण रस्ता. नाशिक ते सापुतारा हा रस्ता स्वतःच अर्धी सहल आहे, त्याबद्दल पुढे.

किती लांब? कोणत्या रस्त्याने?

साधारण ऐंशी किलोमीटर. दिंडोरी, वणी, बोरगाव, हतगड, मग राज्याची हद्द आणि लगेच सापुतारा. पावसात सव्वादोन-अडीच तास धरा, त्यात नाष्टा धरलेला नाही. कळवणकडून येणारे अभोणा-कनाशीवरून हतगडला येऊन मिळतात. पेठमार्गे जाऊ नका. तो रस्ता धरमपूर-वलसाडकडे जातो आणि मॅपने कधी सुचवलाच तर वळसा पडतो.

धुकं नक्की मिळेल का?

हा खरा प्रश्न. उत्तर देण्याआधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते.

हिवाळ्यात गोदाकाठी सकाळी जे धुकं दिसतं ते आणि हे एक नव्हे. हिवाळ्यात रात्री जमीन थंड होते, तिला टेकलेली हवा थंड होते आणि धुकं तयार होतं. नऊ-साडेनऊला ऊन पडलं की ते विरतं. पावसाळ्यातलं सापुताऱ्याचं धुकं म्हणजे साक्षात ढग. अरबी समुद्रावरून आलेली ओली हवा डांगच्या जंगलावरून सरकत सह्याद्रीच्या कड्याला धडकते, वर चढते, चढता चढता थंड होते आणि तिच्यातली वाफ बारीक थेंबांत उतरते. सापुतारा नेमका त्या कड्यावर आहे. खालून पाहणाऱ्याला तो ढग दिसतो, वर उभ्या असलेल्याला धुकं.

म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ‘ऊन वर आलं की जाईल’ किंवा ‘पहाटे गेलं तरच दिसेल’ हा हिशेब इथे चालत नाही. सकाळी अकराला लख्ख आणि दुपारी दोनला हात पुढे केला तर बोटं पुसट, असं होतं. दोन, पश्चिमेचा वारा आणि ओलावा दोन्ही हवेत. पावसाने आठवडाभर दडी मारली असेल आणि आभाळ निळं असेल तर धुकं मिळणार नाही, मिळालंच तर पहाटे थोडंसं. उलट घाटमाथ्यावर सलग रिपरिप चालू असेल तर डोळे झाकून निघा. जूनच्या शेवटापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत शक्यता चांगली, जुलै-ऑगस्ट सगळ्यात भरवशाचे.

हवामान खात्याने रेड अलर्ट दिला असेल तर मात्र घरी बसा. ऑरेंजलाही मी टाळेन.

नाशिकला छान ऊन आहे, म्हणजे तिकडेही ऊनच असेल ना?

नाही. आणि उलटही खरं नाही. नाशिक कड्यापासून आत, पर्जन्यछायेच्या बाजूला येतं. ढग माथा ओलांडून पलीकडे उतरला की हवा पुन्हा तापते आणि ढग विरळ होतो. त्यामुळे पंचवटीत गॉगल लावावा लागत असताना हतगडला वायपर चालू असणं हे जुलैत रोजचं. हवेचा अंदाज बघताना नाशिक शहराचा बघू नका, सुरगाणा तालुक्याचा आणि डांग जिल्ह्याचा बघा.

थंडी किती असते? स्वेटर घ्यायचा का?

लोक समजतात तितकी नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, सापुतारा नऊशे ते हजार. फरक तीन-चारशे मीटरचा, म्हणजे तापमानात दोन-तीन अंशांचा. थंडी वाजते ती वाऱ्याने आणि ओल्या कपड्यांनी. म्हणून स्वेटरपेक्षा कोरडा कपड्यांचा जोड महत्त्वाचा. पातळ विंडचीटर, कोरडे मोजे, एक टॉवेल, आणि हे सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून. छत्री वाऱ्यात उलटी होते, तिच्या भरवशावर राहू नका. रेनकोट घ्या. चपला घालायच्याच असतील तर पट्ट्याच्या सँडल घाला, कारण शेवाळलेल्या फरशीवर गुळगुळीत तळाची चप्पल म्हणजे कंबर मोडून घेणं.

गावातली म्हातारी माणसं आवणीच्या (भातलावणीच्या) वेळी अजून इरलं पांघरून वाकलेली दिसतात. पाठ पूर्ण झाकते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. आपल्या कुठल्याही रेनकोटला हे नीट जमलेलं नाही.

कोणकोणते पॉइंट बघायचे?

इथेच बहुतेकांचा दिवस वाया जातो.

सनसेट पॉइंट, सनराइज पॉइंट (त्यालाच व्हॅली व्ह्यू म्हणतात), इको पॉइंट ही सगळी ठिकाणं दरी बघण्यासाठी आहेत. धुक्यात दरी दिसत नाही. तुम्ही तिकीट काढून, रांगेत उभं राहून, पोरांना कडेवर घेऊन एका कठड्याशी पोचता आणि पुढे पांढरा पडदा असतो. मग तिथून दुसऱ्या पॉइंटला, तिथेही तोच पडदा. संध्याकाळी घरी आल्यावर ‘काहीच दिसलं नाही’ असं म्हणायचं, हा खरं तर धुक्यावर अन्याय. धुकं बघायला गेलात तर तेच बघा. पॉइंटांची यादी हिवाळ्यासाठी ठेवा.

पावसाळ्यात माझ्या मते दोनच जागा पुरतात : सरोवराचा काठ आणि टेबल पॉइंटचं पठार. काठावर चालताना पलीकडचा किनारा मधूनच दिसतो, मधूनच पुसला जातो. एखादी पायडल बोट धुक्यात शिरते आणि आतल्या माणसांचा आवाज तेवढा ऐकू येत राहतो. पठारावर वारा जोराचा असतो, ढग जमिनीला घासत जाताना डोळ्यांना दिसतो. तिथे घोडे, उंट, कणसं, सगळी जत्रा आहे. ती टाळून थोडं बाजूला चालत गेलात तरी चालतं, पण कडेपासून लांब रहा. धुक्यात कड कुठे संपते ते कळत नाही.

रोपवे आणि बोटिंग?

पाऊस-वारा जोरात असला की दोन्ही बंद ठेवतात आणि ठेवायलाच हवीत. रोपवे चालू असला तरी दाट धुक्यात पैसे घालू नका, पाळण्याच्या काचेपलीकडे काही दिसत नाही. पोरं ऐकत नसतील तर गोष्ट वेगळी.

मग दिवसभर करायचं तरी काय?

आम्ही साधारण असा दिवस लावतो. सहाला नाशिक सोडायचं. दिंडोरी रस्त्याला मिसळ. नाशिकची सहल मिसळीवाचून सुरू होत नाही, यावर वाद नको. वणीच्या पुढे गाडी सावकाश, कारण बघण्यासारखं तिथूनच सुरू होतं. साडेनऊच्या सुमारास हतगड. पाय ताजे असताना गड करून घ्यायचा. बाराच्या आत-बाहेर सापुतारा, जेवण, सरोवराकाठी रेंगाळणं, चहा. साडेतीन, फार तर चारला परतीला लागायचं.

चारनंतर थांबू नका. परतीचा घाटातला आणि बोरगाव-वणीचा टप्पा उजेडात संपला पाहिजे. धुकं अधिक अंधार अधिक समोरून अप्पर मारत येणारा टेम्पो, हे समीकरण कोणालाच सुटत नाही.

हतगड चढायला अवघड आहे का?

सोपा आहे. हतगड गावातून गाडीने बरंच वर जाता येतं, तिथून पुढची चढाई थोडी. कातळातल्या पायऱ्या, दरवाजे, पाण्याची खोदीव टाकी, दरवाज्याजवळ कोरलेला शिलालेख. बागलाणच्या बागुल राजांच्या ताब्यात असलेला हा किल्ला पुढे स्वराज्यात आला. त्याचं काम काय होतं ते गडावर उभं राहिल्यावर लगेच कळतं, खालचा सुरतेकडे जाणारा रस्ता त्याच्या नजरेत आहे. अर्थात धुकं नसलेल्या दिवशी.

धुक्यात हा गड मला जास्त आवडतो. दरवाजा दहा पावलांवर येईपर्यंत दिसत नाही. तटावर मात्र चढू नका, दगड सुटे आहेत आणि ओले आहेत. तटाच्या कडेला पाठ करून फोटो काढणारे दर रविवारी दिसतात.

वाटेत काय काय लागतं?

दिंडोरीपर्यंत द्राक्षाच्या बागा, टोमॅटोचे मांडव, वायनरीच्या पाट्या. वणीच्या अलीकडे ओझरखेड धरणाचं पाणी. मग हळूहळू बागा संपतात आणि भाताची खाचरं दिसू लागतात, उतारावर नागली (नाचणी) आणि वरई. ही अदलाबदल नीट बघा. द्राक्षाला सततचा पाऊस सोसत नाही, भाताला त्यावाचून जमत नाही. शेवटची बाग मागे पडली की समजायचं, आता ढगाचा मुलूख आला. कुठल्याही ॲपपेक्षा हा अंदाज खरा निघतो.

उजव्या हाताला सातमाळा रांग असते. आभाळ उघडलेलं असेल तर सप्तशृंगगड आणि त्याच्यासमोरचा मार्कंड्या लांबूनही ओळखू येतात. अहिवंत आणि अचला हे त्याच रांगेतले, पण पावसाळ्यात अर्धेअधिक ढगात.

इतिहासाची आवड असणाऱ्यांसाठी : ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेची दुसरी लूट घेऊन परतताना शिवाजी महाराजांनी दाऊदखानाच्या मोगली फौजेला याच वणी-दिंडोरी परिसरात उघड्या मैदानावर हरवलं. गनिमी काव्यासाठी नावाजलेल्या सैन्याने समोरासमोर जिंकलेली ही लढाई. आपण त्याच मुलखातून गाडीत गाणी लावून जातो आणि एकालाही त्याची आठवण होत नाही.

कोणत्या वारी जावं?

मंगळवार ते गुरुवार. रविवारी आपल्याइतकेच सुरत-नवसारीकडचे लोक येतात, पंधरा ऑगस्टला तर विचारूच नका. पावसाळ्यात गुजरात पर्यटनाचा महोत्सव भरतो, त्या दिवसांत संध्याकाळी कार्यक्रम असतात आणि गर्दीही त्या मानाने. रविवारशिवाय जमत नसेल तर आणखी तासभर लवकर निघा आणि दुपारी दोनला परत फिरा. सापुताऱ्यात शिरायची कोंडी अकरानंतर होते.

धुक्यात गाडी कशी चालवायची?

दिवे लोअरवर. अप्पर लावला तर प्रकाश धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो आणि दिसत होतं तेही दिसेनासं होतं. फॉगलॅम्प असतील तर लावा.

चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून जाणं ही आपल्याकडची आवडती चूक. मागच्याला कळत नाही की तुम्ही थांबला आहात की वळताय. ते दिवे गाडी थांबवल्यावर लावायचे. आणि थांबवायची ती रस्ता पूर्ण सोडून, वळणावर तर कधीच नाही. धुकं सुंदर दिसलं म्हणून भर वळणावर गाडी लावून सेल्फी घेणारे स्वतःबरोबर दुसऱ्यालाही धोक्यात घालतात.

नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवा, समोरच्या गाडीच्या लाल दिव्यावर नको. तो चुकला तर तुम्हीही चुकाल. घाटात चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची असते, हा संकेत आहे आणि नियमही. उतारावर ज्या गिअरमध्ये चढला असता तोच ठेवा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणारे अजूनही आहेत, त्यांच्या गाडीत बसू नका.

नाशिककडून येणारा रस्ता तसा सौम्य आहे, कारण आपण पठारावरूनच वर चढत जातो. खरा खोल घाट सापुताऱ्याच्या पलीकडे, शामगहानकडे उतरताना लागतो. तिथे बस दरीत कोसळल्याचे मोठे अपघात झालेले आहेत. एका दिवसाच्या सहलीत त्या बाजूला उतरायची गरज नाही.

काच सारखी धूसर होते, काय करावं?

आधी बोट लावून बघा, वाफ आत आहे की बाहेर. आत असेल तर एसी चालू करून हवा पुढच्या काचेवर सोडा, एसी ओलावा ओढून घेतो. बाहेर असेल तर काच जास्तच थंड झाली आहे : एसी कमी करा आणि वायपर मारा. फडक्याने पुसत बसू नका, डाग तेवढे राहतात. रीसर्क्युलेशन बंद ठेवा, पाच माणसांचा श्वास आणि ओले मोजे गाडीत फिरवण्यात अर्थ नाही.

बाइकवर गेलं तर?

चालेल, मजाही जास्त. पण डबलसीट आणि दोन बॅगा नकोत. ब्रेक भिजलेले असतात, अंतर दुप्पट ठेवा. हेल्मेटच्या काचेला आतून भांड्याच्या साबणाचा पुसट हात फिरवून कोरडी पुसली की वाफ धरत नाही. रंगीत रेनकोट घाला. काळ्या रेनकोटातला बाइकवाला धुक्यात दिसत नाही. कागदपत्रं प्लॅस्टिकमध्ये, हद्दीवर विचारू शकतात.

एसटीने जाता येतं का?

येतं. सापुतारामार्गे सुरतेकडे जाणाऱ्या गाड्या आहेत, महाराष्ट्राच्याही आणि गुजरातच्याही. वेळा आदल्या दिवशी चौकशी खिडकीवर विचारा, विशेषतः परतीच्या. गेलात आणि परतीची गाडी हुकली तर बोरगावपर्यंत जीप मिळते, पुढे वणी, पुढे नाशिक, असं तुकड्यातुकड्याने यावं लागतं.

महिलांसाठीचं अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा मोफत प्रवास ही आपल्या एसटीची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे. पुढच्या चार-सहा किलोमीटरचं पूर्ण तिकीट पडतं. यावरून कंडक्टरशी हुज्जत घालू नका, ते त्यांच्या हातात नाही.

दिंडोरीच्या वायनरीतून वाइन घेऊन गेलं तर?

गुजरातेत दारूबंदी आहे. वाइनही त्यात आली, उरलेली अर्धी बाटलीही आली. हद्दीवर नाका आहे, गाडी उघडून बघतात आणि सुट्टीच्या दिवशी जास्तच बघतात. पिऊन सापडलात तरी कारवाई होते. बाहेरच्या राज्यातल्यांसाठी परवान्याची सोय आहे, पण एका दिवसासाठी त्या भानगडीत कोण पडणार? वाइन परतीच्या वाटेवर घ्या आणि घरी जाऊन प्या.

पेट्रोल तिकडे स्वस्त असतं म्हणे?

सहसा हो. म्हणूनच हद्दीपलीकडच्या पंपावर एमएच-१५ च्या गाड्यांची रांग दिसते. लिटरमागच्या बचतीसाठी अर्धा तास रांगेत घालवायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. सीएनजीवाल्यांनी मात्र नाशिकमध्येच भरून निघावं.

खायला काय मिळतं?

सापुताऱ्यात गुजराती थाळी, पावभाजी, मॅगी, भाजलेली मक्याची कणसं, भजी. सगळं ठीकठाक. पावसात भजी कुठलीही चांगलीच लागतात, त्यावरून हॉटेलची पारख करू नका.

खरं खायचं ते रस्त्याकडेला. हतगड-बोरगाव पट्ट्यात आणि पलीकडे डांगात काही ठिकाणी गावातल्या बायका चुलीवर नागलीची भाकरी करून देतात. सोबत उडदाची घट्ट डाळ, खुरासणीची (कारळ्याची) चटणी, मिरचीचा ठेचा, मोसमात असेल तर बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी किंवा लोणचं. वेळ लागतो, कारण भाकरी तुमच्यासमोर थापली जाते. आधी सांगून ठेवा आणि चक्कर मारून या. तेलकट थाळीपेक्षा हे शतपटीने बरं आणि पैसे थेट त्या घरात जातात.

भाषेची अडचण येते का?

अजिबात नाही. दुकानदार मराठी बोलतो, घोडेवाला मराठी बोलतो. डांगात कोकणा, भिल्ल, वारली समाज मोठा आहे आणि त्यांची डांगी बोली सुरगाणा-कळवणकडच्या बोलीला इतकी जवळची की हद्द नेमकी कुठे लागली ते कानाला कळत नाही. १९६० साली राज्यं वेगळी झाली तेव्हा डांग गुजरातेत गेला. त्याआधी तो मराठी मुलूख की गुजराती यावर बरेच वाद झाले होते. आजही कोणी मोठं माणूस सोबत असेल तर गाडीत तो विषय निघतोच.

गिरा धबधबा एका दिवसात होईल का?

वघईजवळचा गिरा धबधबा अंबिका नदीवर आहे आणि पावसात प्रचंड असतो. पण सापुताऱ्याहून तो आणखी पन्नासएक किलोमीटर, तोही मघाशी सांगितलेल्या घाटातून. जाऊन-येऊन तीन तास गेले की सापुतारा राहिलाच. मुक्काम असेल तरच जा. गंमत म्हणजे ही अंबिका उगम पावते आपल्याच सुरगाणा तालुक्याच्या डोंगरात. म्हणजे पाणी आपलं, धबधबा त्यांचा!

रेल्वेची आवड असेल तर एक गोष्ट नोंदवून ठेवा. बिलीमोरा ते वघई अशी नॅरोगेज गाडी आहे, १९१३ सालापासूनची. त्यासाठी वेगळा दिवस काढा.

सुरगाण्याकडचा भिवतास धबधबा सुंदर आहे, पण पावसात त्याच्या जवळ जाणं धोक्याचं. कुठल्याही धबधब्याबाबत एवढं पाळा : पाणी एकदम गढूळ झालं किंवा काडीकचरा वाहून येऊ लागला की क्षणात बाहेर पडा, वरती पाऊस झालेला असतो. प्रशासनाने बंदी घातली असेल तर ती पाळा.

आजी-आजोबा आणि लहान मुलं सोबत आहेत, झेपेल का?

झेपेल. सरोवराचा काठ सपाट आहे. दम्याचा त्रास असेल तर पंप खिशात ठेवा, ओल्या गार हवेत छाती भरते. गाडी लागणाऱ्या मुलांना मिसळ देऊ नका, कोरडा नाष्टा द्या आणि पुढच्या बाजूला बसवा. स्वच्छतागृहाची सोय वणीत बघून घ्या, पुढे बरंच अंतर अडचण होते, बायकांची तर फारच.

फोटो पांढरेच येतात. उपाय?

फोन एसीच्या गार हवेतून एकदम बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते. दहा मिनिटं आधी एसी बंद करा. फोटोत जवळचं काहीतरी येऊ द्या : झाड, कठडा, छत्रीवाला माणूस. नुसतं धुकं टिपलं तर नुसतं पांढरंच येणार.

नेटवर्क आणि यूपीआय?

गावात चालतं, मधल्या रस्त्यावर येतं-जातं. कणीसवाल्या मावशीकडे क्यूआर असतो पण रेंज नसते. सुटे पैसे ठेवा आणि मॅप घरूनच उतरवून घ्या.

एक रात्र राहावं का?

धुक्यासाठी म्हणाल तर हो. गर्दी परत गेल्यावरची संध्याकाळ आणि सकाळी सातच्या आधीचं सरोवर, हे एका दिवसात मिळत नाही. खोल्या सुट्टीला महाग होतात आणि पावसाळ्यात गाद्यांना ओल येते. खोली बघूनच पैसे द्या.

परतताना सप्तशृंगगड करता येईल?

साडेतीनच्या आत निघालात तर कसाबसा. वणीतून नांदुरी, नांदुरीतून घाट चढून गड. वर पायऱ्या आहेत, शिवाय ट्रॉलीही आहे, त्यामुळे वयस्कर माणसांनाही दर्शन होतं. देवीची अठरा हातांची, आठ फुटी मूर्ती कड्याच्या कपारीत आहे. पण गडाच्या घाटातही तेच धुकं आणि वर दरडींची भीती. म्हणून देवी आधी आणि सापुतारा नंतर, असा उलटा क्रम लावा किंवा गडासाठी स्वतंत्र दिवस ठेवा. नवरात्रात आणि चैत्रात खासगी गाड्या नांदुरीलाच अडवतात.

पावसाळा हुकला तर?

सप्टेंबरच्या शेवटी धुकं विरळ होतं, पण सोनकी आणि तेरडा फुलतो, खुरासणीची शेतं पिवळी होतात. तेव्हा दरीही दिसते, म्हणजे पॉइंटवाल्यांचे दिवस. डिसेंबर ते मार्च बोरगाव-हतगड भागात स्ट्रॉबेरी असते, रस्त्याकडेला टोपल्या मांडून विकतात. वरच्या थरात मोठी फळं आणि खाली बारीक असं होऊ शकतं, तेव्हा टोपली उलटी करून बघायला लाजू नका. परतीच्या वाटेवरच घ्या आणि डिकीत ठेवू नका, नाशिक येईपर्यंत निम्मी दबतात.